दोनदा लावलेला कांदा

(दृश्य: सकाळचं धुकं. द्राक्षबागेच्या कडेला रचलेल्या काड्यांच्या मोळ्या.)

जानेवारी संपत आलाय. स्पेनच्या ईशान्येला कॅटलोनिया, त्यातल्या तारागोना प्रांतातलं वाल्स हे गाव. वेली बोडक्या उभ्या आहेत. छाटणीच्या वाळलेल्या काड्या मोळ्या बांधून शेतघराच्या आडोशाला रचल्यात. आज त्या पेटणार. आज इथं कल्सोताडा आहे, म्हणजे कांदे भाजून खायचा दिवस.

पण ही मेजवानी समजून घ्यायची तर आधी वाफ्यात उतरायला हवं.

या कांद्याला म्हणतात कल्सॉट. बी टाकायचं, रोप लावायचं, उन्हाळ्यात कांदा काढायचा. इथवर सगळं आपल्या ओळखीचं. मात्र हा कांदा बाजारात जात नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याचा शेंडा कापतात आणि तोच कांदा पुन्हा जमिनीत लावतात. आपल्याकडेही कांदा असा दुसऱ्यांदा लावतात, पण तो बियाण्यासाठी, फुलांचे दांडे म्हणजे डेंगळे यावेत म्हणून. वाल्सचा शेतकरी डेंगळा येऊच देत नाही. एका कांद्यातून चार, सहा, कधी दहा कोंब फुटतात. कोंब वर आले की बुडाशी माती ओढायची. वाढले की पुन्हा ओढायची. कॅटलान भाषेत पायात जोडे घालणं आणि रोपाला मातीची भर देणं, या दोन्हींसाठी एकच क्रियापद आहे: कल्सार. त्यावरूनच कल्सॉट.

मातीखाली ऊन पोचत नाही, म्हणून तेवढा भाग हिरवा होत नाही. पांढराशुभ्र, कोवळा आणि गोड राहतो. ‘वाल्सचा कल्सॉट’ म्हणून विकायचा तर हा पांढरा दांडा 15 ते 25 सेंटिमीटर लांब हवा. 2002 पासून त्याला युरोपीय महासंघाचं भौगोलिक मानांकन आहे. बी पडल्यापासून ताटात येईपर्यंत वर्षाहून जास्त काळ जातो. एवढा वेळ एका कांद्याला देणारी माणसं मला फार मोठी वाटतात.

हे सुरू कसं झालं? वाल्समध्ये एकच नाव सांगतात, शात दे बेनायजेस. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचा शेतकरी. त्यानं म्हणे असे कोंब विस्तवावर भाजले, वरून पार करपले, पण काळं साल ओढून काढलं तर आतला गाभा लोण्यासारखा निघाला.

(दृश्य: काड्यांना आग. जाळ कमरेएवढा.)

हुरड्याला आगटीतला निखारा लागतो. कल्सॉटला मात्र जाळच हवा. जाळीवर कांदे एका ओळीत, दाटीनं मांडलेत. मुळं छाटलेली, माती तशीच थोडी चिकटलेली. काड्या चटचट पेटतात, ज्वाळा पातीच्या वर जातात. एक बाजू कोळशासारखी झाली की अख्खी जाळी उलटवायची. बुडातून पांढरा रस फेसाळून यायला लागला की झालं. मग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचे. ही पायरी चुकवून चालत नाही, कारण कांदा पूर्ण शिजतो तो या कागदातल्या वाफेत.

तोवर आत साल्विचाडा ही चटणी तयार आहे. भाजलेले टोमॅटो, भाजलेला लसूण, बदाम, हेझलनट, न्योरा नावाच्या वाळलेल्या गोल मिरचीचा गर, व्हिनेगर, आणि खलात वाटता वाटता धार धरून सोडलेलं ऑलिव्ह तेल. रंग विटकरी. तिखट नाही. प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं, आणि प्रत्येक घराला आपलंच खरं वाटतं.

कांदे येतात ते मातीच्या कौलावर. घराच्या छपरावरचं असतं ना, तसंच कौल. त्याच्या पन्हाळीत ते गरम राहतात. सगळे गळ्यात लाळेरं बांधतात, आजोबासुद्धा. आणि उभ्यानंच खातात.

(दृश्य: हात, अगदी जवळून.)

डाव्या हातात हिरवी पात. उजव्या हाताच्या चिमटीत काळं बूड. एक हलका ओढा, आणि करपलेलं साल मोज्यासारखं निघून येतं. आत ओला, चकाकणारा, किंचित वाफाळता दांडा. तो साल्विचाडात बुडवायचा, मान मागे टाकायची, हात उंच करायचा आणि वरून तोंडात सोडायचा. दात लावावा लागत नाही. आधी धूर लागतो, मग गोडवा, आणि शेवटी बदामाचा खरबरीतपणा. पात खायची नाही, ती बाजूला पडते.

वाल्समध्ये जानेवारीच्या शेवटच्या रविवारी याचा मोठा उत्सव होतो. चौकात जाळ, साल्विचाडाची स्पर्धा, कांदे खायची स्पर्धा. मानवी मनोऱ्यांसाठीही हेच गाव प्रसिद्ध. गर्दीची ती मजा वेगळी आहे. तरी मला विचाराल तर कल्सोताडा शेतातच बघावा, जिथून वाफा दिसतो.

आता जाळ बसलाय. त्याच निखाऱ्यावर कोकराचं मांस, बुतिफारा सॉसेज, आर्टिचोक. सोबत पांढऱ्या घेवड्याच्या बिया, पाव. पोर्रो फिरतोय. काचेचं हे निमुळत्या चोचीचं भांडं ओठांना न लावता वरून वाइनची धार घ्यायची.

शेवटी संत्री येतात. आजीनं एक उचललं. हात अजून कुणीच धुतलेले नाहीत. तिनं सोलायला सुरुवात केली, आणि केशरी सालीवर तिच्या पाचही बोटांचे काळे ठसे उमटले.