पेटी कपाटावरून खाली

(आवाज: शाळेच्या मैदानातलं राष्ट्रगीत. सूर हळूहळू खाली उतरत जातो. दृश्य: पेठ तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सकाळचा परिपाठ.)

राष्ट्रगीत गायला ५२ सेकंद लागतात. ठरलेला वेळ तेवढाच आहे. इथं मात्र घड्याळ मिनिटाच्या पुढे सरकलंय. मुलं मनापासून गाताहेत, पण ताल धरणारं कोणी नाही, म्हणून प्रत्येक ओळ संपली की पुढची रांग मागच्या रांगेसाठी थांबते आणि मागची पुढच्या रांगेसाठी. पहिल्या ओळीचा सूर तिसऱ्या ओळीपर्यंत टिकत नाही. गुरुजींच्या हे लक्षात येत नाही असं थोडंच आहे? पण करायचं काय, हे त्यांना डी.एड.ला कोणी बोट धरून दाखवलेलं नाही.

(दृश्य: कार्यालयातलं लोखंडी कपाट. कपाटावर, हजेरीपटांच्या गठ्ठ्याशेजारी कापडात बांधलेली पेटी.)

आणि ही शाळेची पेटी, म्हणजे हार्मोनियम. कधीतरी अनुदानातून आली, डेडस्टॉक रजिस्टरला चढली आणि कपाटावर जाऊन बसली. भाता उंदरांनी कुरतडलाय, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. अशा पेट्या जिल्ह्यात बऱ्याच शाळांत सापडतील.

गंमत म्हणजे नाशिक जिल्ह्यात वाद्यांची वानवा कधीच नव्हती. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरच्या वाटेनं दिंड्या चालू लागतात, तेव्हा पखवाज आणि टाळांचा आवाज वळणापलीकडून आधी येतो, माणसं नंतर दिसतात. वणीच्या सप्तशृंगीच्या नावानं गोंधळ घातला जातो, त्यात संबळ असतो, तुणतुणं असतं. सुरगाणा, पेठ या भागात पावरी वाजते. वाळवलेला भोपळा आणि बांबू यांचं हे वाद्य. वाजवणारा गालात हवा साठवतो, नाकानं श्वास घेत राहतो, त्यामुळे नाच संपेपर्यंत सूर तुटत नाही. शहरातला ढोल तर विचारूच नका. तो केरळपर्यंत पोचलाय. तिथल्या मिरवणुकांत वाजवणारी पथकं त्याला आजही ‘नासिक ढोल’च म्हणतात.

तिसरीतला पोरगा दिंडीत आजोबांच्या मागं चालताना टाळ चुकवत नाही. तोच पोरगा परिपाठाला हात जोडून गप्प उभा असतो. वाद्य गावात आहे, वाजवणारं मूलही गावात आहे. दोघांची ताटातूट होते ती शाळेच्या फाटकाशी.

(दृश्य: नाशिक शहरातल्या एका शाळेचा हॉल. सतरंजीवर बसलेले शिक्षक, समोर पेट्या, दिमड्या, ढोलक्या.)

सुट्टीत भरलेला हा शिक्षकांचा सहा दिवसांचा वर्ग. यातलं संगीताचं शिक्षक म्हणून नेमलेलं कोणी नाही. कोणी गणित शिकवतं, कोणी पहिली ते चौथीचे सगळे विषय एकाच खोलीत.

मग संगीत शिक्षक का नेमत नाहीत? २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि पटावर शंभराहून जास्त मुलं असतील तर. पाड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेचा पट शंभराच्या आसपासही जात नाही. म्हणजे त्या मुलांपर्यंत वाद्य पोचायचं असेल तर ते याच गुरुजींच्या, याच बाईंच्या हातून पोचणार. दुसरा रस्ता नाही.

हॉलमध्ये आलेल्या शिक्षकांपैकी निम्म्यांच्या तोंडी पहिलं वाक्य एकच: ‘‘मला गळाच नाही हो.’’

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र, पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. नंतर पंचवटी, गोदाघाट.)

शिक्षकाला संगीत शिकवायचं, म्हणजे त्यानं पुढं ते चार जणांना शिकवावं, हा विचार आजचा नाही. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईला. तिथं त्यांनी ‘उपदेशक’ नावाचा वेगळा वर्ग चालवला. राहण्याजेवणाची सोय विद्यालयाची आणि बदल्यात मुलांकडून करार: अर्धवट सोडून जायचं नाही. या वर्गातून गवई निघावेत ही इच्छा होतीच, पण आधी हवे होते ते शिकवणारे. मैफल एका रात्रीत संपते आणि शिक्षक तीस वर्षं पुरतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

आयुष्याच्या उत्तरार्धात पलुस्कर नाशिकला येऊन राहिले. रामनाम आधार आश्रम त्यांनी इथंच उभा केला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे पुढे देशभर नावाजलेले डी. व्ही. पलुस्कर, १९२१ मध्ये नाशिकलाच जन्मले. गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतल्या प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांना नाशिकची मुलं आजही बसतात. त्या परीक्षा उत्तम वाजवणारे घडवतात. चाळीस मुलांच्या वर्गापुढं उभं राहून वाजवायचं कसं, हा मात्र वेगळा अभ्यास आहे, आणि या हॉलमध्ये चाललाय तो हाच.

(दृश्य: पेटीच्या भात्यावर डावा हात. फक्त हात.)

सकाळपासून एकाही पट्टीला हात लागलेला नाही. आधी भाता. नवा माणूस भाता जोरात ओढतो, मग सोडून देतो, पुन्हा ओढतो. सूर फुगतो आणि विरतो. वर्गात त्याचा अर्थ सरळ आहे: सूर विरला की मुलांचा आवाजही विरतो. म्हणून एकच पट्टी दाबून ठेवायची आणि सूर जराही न हलता भाता चालवायचा. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, आणि आहेच.

मग गाण्याचा सा कुठल्या पट्टीवर धरायचा? इथं हॉलमध्ये बराच वाद झाला. गुरुजी स्वतःच्या गळ्याला जमेल तो सा धरतात आणि गाणं खालच्या सप्तकात उतरलं की मुलं गायबच होतात. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या गळ्यात तितके खालचे सूर नसतात. मग ती गद्यात बोलतात किंवा ओरडतात, आणि आपण म्हणतो, या वर्गाला सूरच नाही. उपाय साधा आहे: सा दोन-तीन पट्ट्या वर न्यायचा, काळी एकऐवजी काळी दोन, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीऐवजी दुसरी, आणि मुलं ऐकू येतात का ते बघायचं. पण पट्टी बदलली की बोटंही बदलतात. पट्ट्या सरकवता येतात अशी स्केलचेंजर पेटी शाळेत कुठून असणार? म्हणून इथं तीस गाण्यांचा हट्ट नाही. गाणी तीनच, पण प्रत्येक गाणं दोन पट्ट्यांत.

एक अवघड गोष्ट उरतेच. बोटांकडे न बघता वाजवायचं. शिक्षकाची नजर पट्ट्यांवर गेली की तिसऱ्या बाकावर काय सुरू होतं ते सांगायला नको. आणि पेटीचा भाता मुलांच्या बाजूला असतो, त्यामुळे पुढच्या रांगेतली बोटं हटकून त्यात जातात. हॉलमध्ये हे सांगितलं तेव्हा पहिलीला शिकवणाऱ्या बाई तेवढ्या हसल्या.

(दृश्य: दिमडी, ढोलकी. शिक्षक तोंडानं बोल म्हणताहेत.)

धा गे ना ती, न क धिं ना. हा केरवा ताल, आठ मात्रांचा. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या कितीतरी कविता यात आरामात बसतात. उरलेल्यांतल्या पुष्कळशा सहा मात्रांच्या दादऱ्यात: धा धी ना, धा ती ना.

आता प्रश्न असा की दिमड्या तीन आणि मुलं चाळीस. सदतीस जणांनी करायचं काय? वाट बघायची, म्हणजे दंगा करायचा. म्हणून वाद्य सगळ्यात शेवटी. आधी बोल तोंडानं, सगळ्यांनी. मग पाय: डावा, उजवा, जागच्या जागी. मग टाळी. मग वर्गाचे तीन गट करायचे. एक बोल म्हणतो, एक टाळी देतो, एक वाजवतो, आणि आवर्तनं झाली की अदलाबदल. वाद्य आपल्याकडे येईपर्यंत मुलाला ठेका पाठ झालेला असतो, हाताला फक्त तो सापडायचा असतो. हंगेरीत झोल्तान कोडाय यांचाही आग्रह असाच होता, वाद्याच्या आधी गळा. आपल्याकडे तबल्याचे बोल आधी तोंडपाठ करून घेणारे उस्ताद दुसरं काय करत होते?

आणि थांबायची खूण. हात वर गेला की वाद्य जमिनीवर. ही खूण पहिल्याच तासाला पक्की झाली नाही, तर दुसऱ्या तासाला शेजारच्या वर्गाच्या बाई दारात उभ्या राहतात, आणि तिसरा तास होत नाही.

(दृश्य: पेटी आणि कीबोर्ड शेजारीशेजारी.)

पेटीच का, असं शहरातल्या शाळांचे शिक्षक विचारतात. त्यांच्याकडे कीबोर्ड आहे. पेटीवर मींड येत नाही, दोन सुरांच्या मधलं तिच्याकडे काही नसतं, हा आक्षेप जुना आहे. याच कारणानं रेडिओनं १९४० साली तिला दार बंद केलं आणि ते जवळपास तीन दशकं बंद ठेवलं. ख्यालाच्या मैफलीत तो आक्षेप खरा असेल. वर्गात मुलांना हवा असतो हलणार नाही असा सूर, आणि तेवढं पेटी चोख देते. शिवाय तिला वीज लागत नाही. सुरगाण्याला पावसाळ्यात दिवे किती टिकतात, ते तिथल्या शिक्षकांना विचारा.

कीबोर्डचं आमचं भांडण वेगळंच आहे. बटण दाबलं की ठेका आपोआप सुरू होतो, आणि मग वर्गात ताल कोणीच धरत नाही. मशीन धरतं. मोबाइलवरचा तानपुरा मात्र खुशाल लावा. तो कोणाचं काम हिरावून घेत नाही.

(दृश्य: पाड्यावरची शाळा. ओट्यावर बसलेले एक आजोबा पावरी वाजवताहेत, मुलांचं कोंडाळं.)

शिक्षकाला सगळं यायलाच हवं असं नाही. पावरी शिकायला वर्षं जातात, ती सहा दिवसांच्या शिबिरात कशी येणार? पण पावरी वाजवणारे आजोबा शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहतात. त्यांना बोलवायचं, मुलांना नाचाची पावलं टाकायला लावायची, आणि आपण त्या पावलांच्या मात्रा मोजून फळ्यावर लिहायच्या. आजोबा वाजवण्यातले उस्ताद आहेत, गुरुजी शिकवण्यातले. कितीतरी शिबिरांत या दोन कामांची गल्लत होते. गवई बोलावतात, तो दोन तास सुंदर वाजवतो, शिक्षक टाळ्या वाजवतात, प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. सोमवारी शाळेत पेटी कपाटावरच.

(दृश्य: हत्यारं, उघडलेली पेटी, जीभेसारख्या पितळी पट्ट्यांची रांग.)

म्हणून शेवटचा दिवस दुरुस्तीचा. मुका झालेला सूर बहुतेकदा तुटलेला नसतो, त्याच्या पितळी पट्टीखाली धूळ अडकलेली असते. पातळ कागद हलकेच आत सरकवला की तो बोलू लागतो. पावसात लाकूड फुगतं आणि दाबलेली पट्टी खालीच राहते, तिला सुकवायला वेळ द्यायचा, खरवडायची नाही. कातड्याची दिमडी दमट हवेत ढिली पडते, ती विस्तवावर शेकायची, पण अंतर राखून. फायबरच्या पुडीला, म्हणजे कातड्याऐवजी फायबर ताणलेल्या वाद्याला, मात्र आगीजवळही न्यायचं नाही. भाता फाटला तर जाणकाराकडेच न्यायचा. तिथं फेविकॉल आणि चिकटपट्टीचा प्रयोग करू नये, अशी विनंती आहे. तो प्रयोग बऱ्याच शाळांनी करून झालाय.

(दृश्य: केंद्रशाळा, महिन्याची शिक्षण परिषद.)

एवढं झालं तरी एक अडचण शिल्लक राहते. शिक्षकाची बदली होते. पेटी वाजवणारे गुरुजी पेठहून निफाडला जातात, पेटी पेठलाच राहते, आणि नवे गुरुजी ती पुन्हा कापडात बांधतात. म्हणून एका केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, दोन-तीन शिक्षकांना एकत्रच शिकवावं, आणि दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास त्यांना वाजवायला मिळावा. सहा दिवसांत शिकलेलं बोट सहा महिने पट्टीला लागलं नाही तर उरत काहीच नाही. कागदोपत्री कामाच्या रगाड्यात हा अर्धा तास कसा काढायचा ते केंद्रप्रमुखांनी ठरवावं. आमच्या मते निघू शकतो.

चौथी-पाचवीतल्या दोघा-चौघांना ठेका पक्का शिकवून ठेवणं हा आणखी एक मार्ग. बदली मुलांची होत नाही, निदान शाळा संपेपर्यंत तरी.

(दृश्य: पेटीचं झाकण उघडतं. आत चिकटवलेला कागद.)

एका शाळेतल्या बाईंची यंदा बदली आहे. त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून ठेवलाय. कोणतं गाणं, कोणत्या पट्टीत, कोणत्या ठेक्यात. थांबायची खूण कोणती. कोणत्या मुलाला केरवा येतो, कोणाला दादरा. आणि सगळ्यात खाली, लाल पेनानं, पेटी दुरुस्त करणाऱ्याचा फोन नंबर.