जुनी गाडी आणि कंपनीचं किट

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या मराठवाड्यात गाडी घेतली की लवकर मोडत नाहीत. मोंढ्यात सोयाबीनची पट्टी बरी आली त्या साली घेतलेली गाडी लेकीच्या लग्नाला चालते आणि नातवाच्या शाळेलाही. माझी 2013 ची आहे. अजून दमदार आहे, पण मागं बघायला कॅमेरा नव्हता. तो मी बाजारातून बसवून घेतला, स्क्रीनसकट, स्वस्तात. त्या दुकानातल्या पोरानं मूळ वायर कापली, पिळली आणि वर टेप गुंडाळला.

दिवाळीनंतरची रात्र होती. मांजरसुंब्याच्या घाटात डॅशबोर्ड एकदम अंधारला. पुढचे दिवे चालू होते, म्हणून मी तसाच निघालो. मागचे दिवे विझलेत हे कळलं ते मागून आलेल्या ट्रकनं करकचून ब्रेक दाबला तेव्हा. मागच्या सीटवर माझी आई होती. उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नसतो म्हणून आपण किती बोल लावतो! त्या रात्री माझी गाडी तशीच झाली होती. टेप सुटून वायर पत्र्याला चिकटली आणि डॅशबोर्ड नि मागचे दिवे या दोन्हींचा मिळून एकच फ्यूज होता, तो उडाला.

नंतर मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. माझ्या मॉडेलसाठी कॅमेऱ्याचं किट होतंच, मीच कधी विचारलं नव्हतं. त्यात कपलरला, म्हणजे वायरच्या टोकाच्या जोडाला, कपलर बसतो, एकही वायर कापावी लागत नाही. तुम्ही जाल तेव्हा चेसिस नंबर सांगा. एकाच मॉडेलचं वायरिंग साल बदललं की बदलू शकतं.

सगळंच मागाहून बसवता येत नाही, हेही सांगतो. 1 जुलै 2019 पासून बनणाऱ्या प्रत्येक कारला ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. यातले पार्किंग सेन्सर जुन्या गाडीला बसवता येतात. एअरबॅगचं तसं नाही. स्टिअरिंग, धक्का ओळखणारे सेन्सर, कंट्रोल युनिट हे सारं त्या गाडीच्या सांगाड्याबरोबर धडकवून तपासलेलं असतं. कुणी बाहेरून बसवून देतो म्हणाला तर ऐकू नका.

पण कंपनीनं मनावर घेतलं तर बरंच होतं. जपानमध्ये वयस्कर माणसं ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबून भिंतीवर, दुकानात घुसायची. 2018 मध्ये टोयोटानं रस्त्यावरच्या जुन्या प्रियस आणि अॅक्वा गाड्यांसाठी किट आणलं. समोर किंवा मागं अडथळा असताना पाय जोरात पडला तर ते गाडीचा जोर रोखतं. आपल्याकडंही म्हातारी माणसं गाडी चालवतात. कंपन्यांनी जुन्या गाड्यांसाठी इथंही असं काही द्यावं, ही माझी कळकळीची मागणी आहे.

आणि सर्व्हिसिंगला जालच, तर पेट्रोलचे रबरी पाइप आणि गॅस्केटही दाखवून घ्या. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, त्यात आपल्याच उसाचंही असतं. जुनं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं.

नमस्कार.