पेशीत शिरलेल्या जिवाणूचं काय होतं?

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली लहान आतड्याचं अस्तर)

ही लहान आतड्याची आतली बाजू. अलीकडे अगणित जिवाणू, पलीकडे आपलं रक्त, आणि मधे पेशींचा जेमतेम एक थर. या पेशी चार-पाच दिवसांत झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. सगळी मदार या थरावर.

बहुतेक जिवाणू श्लेष्मातच अडतात. काही मात्र पेशीला चिकटून आत शिरतात. क्रोन्स डिसीज म्हणजे आतड्याला दीर्घकाळ दाह होत राहणारा आजार. त्याच्या अनेक रुग्णांच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ई. कोलाय या जिवाणूचा असाच एक घुसखोर प्रकार सापडतो.

(दृश्य: पेशीत शिरणारा जिवाणू, अ‍ॅनिमेशन)

आता नीट बघा. शिरताना जिवाणू पेशीच्याच पटलात गुंडाळला जातो, म्हणजे आत येतो तो एका पिशवीत. ही पिशवी फाटली की तिच्या आतल्या बाजूच्या शर्करा उघड्या पडतात. गॅलेक्टिन-८ नावाचं प्रथिन त्यांना जाऊन चिकटतं. पेशीला धोका कळतो तो असा. शिवाय जिवाणूवर युबिक्विटिन या छोट्याशा प्रथिनाच्या साखळ्या चढतात. याला मोडीत काढायचं, अशी ती खूण.

मग जिवाणूभोवती दुहेरी पडदा वाढू लागतो. आधी वाटीसारखा, हळूहळू कडा जवळ येतात, शेवटी जिवाणू पुरता बंदिस्त. हा पडदा घडवायला एटीजी१६एल१ हे प्रथिन लागतं. बंद पुडकं लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीला, जाऊन मिळतं, आणि तिथल्या आम्लात नि विकरांत (एन्झाइम्समध्ये) जिवाणूचे तुकडे होतात. त्यातून सुटलेली अमिनो आम्लं पेशी स्वतःसाठी वापरते.

एरवी पेशी आपलेच जुने, बिघडलेले भाग याच मार्गाने मोडते. याला ऑटोफॅजी म्हणतात. तिची जनुकं जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये शोधली. त्यासाठी २०१६ चं नोबेल त्यांना मिळालं.

(दृश्य: जनुकाची आकृती)

क्रोन्सशी ऑटोफॅजीचा संबंध दिसला २००७ मध्ये. एटीजी१६एल१ प्रथिनात तीनशेव्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅलानिन हे दुसरं अमिनो आम्ल असलं, तर आजाराचा धोका वाढतो. पुढे कारणही कळलं: पेशी ताणाखाली आली की कॅस्पेज-३ हे विकर हे बदललेलं प्रथिन सहज कापून टाकतं. प्रथिन कमी पडलं की आत आलेला जिवाणू टिकतो, आणि दाह पेटत राहतो. २००१ मध्ये सापडलेलं क्रोन्सचं पहिलं जनुक, नॉड२, हेही याच वाटेवरचं. त्याचं प्रथिन जिवाणूच्या भित्तिकेचा तुकडा ओळखतं आणि एटीजी१६एल१ ला घुसखोरीच्या जागी आणतं.

क्रोन्सकडे सहसा अतिरेकी प्रतिकारशक्तीचा आजार म्हणून पाहिलं जातं. पण इथे दिसते ती उणीव. साफसफाई अपुरी पडल्यावर उडालेला भडका. ही गोष्ट रुग्णांपर्यंत पोचायला हवी असं मला मनापासून वाटतं. कारण ‘माझं खाण्यापिण्यात काय चुकलं’ या प्रश्नाने त्यांतले कितीतरी जण स्वतःला कोसत राहतात.

(दृश्य: प्रयोगशाळेतले उंदीर)

तरीही एकटं जनुक पुरत नाही. एटीजी१६एल१ मधला हा बदल निरोगी माणसांतही सर्रास आढळतो. उंदरांवरच्या एका कामातून, जे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं, याचा फार सुंदर उलगडा झाला. एटीजी१६एल१ कमी असलेल्या उंदरांच्या पॅनेथ पेशी, म्हणजे जिवाणूनाशक प्रथिनं सोडणाऱ्या आतड्यातल्या पेशी, बिघडलेल्या होत्या. असेच उंदीर अधिक निर्जंतुक जागी वाढवले, तर पेशी धडधाकट! फरक होता नोरोव्हायरस या आतड्यातल्या विषाणूचा. त्याची लागण केली की बिघाड परतला. त्यावर आतड्याला रसायनाने इजा केली, तर क्रोन्ससारखी लक्षणं उमटली. आणि प्रतिजैविकं देऊन आतड्यातले जिवाणू घटवले, तेव्हा ती टळली.

जनुक, विषाणू, इजा आणि जिवाणू, चौघं एकत्र आल्यावरच त्या उंदरांचं आतडं आजारी पडलं. म्हणून तपासणीत हा जनुकीय बदल सापडला, तरी तेवढ्यावरून तुम्हाला क्रोन्स होणारच, असं कुणीही सांगू शकत नाही.