कांडी कोणी भरली?

बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, ‘सोलापूरच्या वस्त्रोद्योगाची दीडशे वर्षं’. तो मी घेणारच आहे, काळजी नसावी. त्याआधी सांगा, पूर्वभागातली, म्हणजे आपल्या विणकर वस्तीतली मंडळी किती? वर करा हात. म्हणजे निम्म्या सभागृहाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही चुका काढा, मी बाकीच्यांशी बोलतो.

माझी एक जुनी तक्रार आहे. ‘विणकर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं एकटा बाप्या येतो. माग त्याचा, कला त्याची, पगाराच्या वहीत नावही त्याचंच. वाईट वाटून घेऊ नका, पण हे अर्धंच खरं आहे.

साखर पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून एक जोडपं राहायचं. आम्ही पोरं त्यांना तात्या आणि अव्वा म्हणायचो. घरात तेलुगू, दारात मराठी आणि भाजीवाल्याशी घासाघीस करायची झाली तर कानडी. हसताय काय, तुमच्याकडेही तेच आहे! पुढच्या खोलीत तात्यांचा माग. ते मग्गम म्हणायचे. चुलीशेजारी अव्वाचा रहाट. ती लडीतलं सूत कांडीवर, म्हणजे बारीक नळीवर भरायची, कांडी धोट्यात जायची, धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडं. मागाची खटखट थांबली की समजायचं, अव्वा भाकरी थापायला उठली आणि कांड्या संपल्या.

त्यांचं भांडण झालं की बोलणं बंद, माग मात्र चालू. रागात अव्वा कांडी इतकी गच्च भरायची की तात्या अंगठ्यानं दाबून बघायचे आणि मला डोळा मारायचे, ‘आज दगड आलाय.’ मग संध्याकाळी कन्ना चौकातून गजरा यायचा. तोही तिच्या हातात द्यायचा नाही, कांड्यांच्या टोपलीत ठेवायचा. एकदा मीच मधे पडलो. अव्वा तापानं आडवी होती, मी सहावीत असेन. म्हटलं, मी भरतो. मोठ्या झोकात वीसेक कांड्या भरल्या. तात्यांनी पहिली हातात घेतली, अंगठा लावला, काही बोलले नाहीत, धोट्यात घातली. मोराची चादर होती. मोराच्या मानेपर्यंत आले आणि माझं सैल सूत एकदम सुटून त्याचा पुंजका झाला. ताण्याचे दहा-बारा धागे तुटले. आतून अव्वा ओरडली, ‘कांडी कोणी भरली?’ तिनं पाहिलं काहीच नव्हतं. मागाचा आवाज चुकला, एवढ्यावरून कळलं. मग तशीच उठली, अंगात ताप, आणि दोघं समोरासमोर बसून धागे सांधत राहिले. तिकडून ती टोक द्यायची, इकडून ते गाठ मारायचे. पिळाची गाठ, मागाच्या फणीतून सुटून जाईल इतकी बारीक. तासभर एक शब्द नाही. मी कोपऱ्यात, पळून जायची सोय नाही.

ती चादर व्यापाऱ्यानं पास केली नाही. त्या चादरीची मजुरी कापली, अर्थात तात्यांच्या नावावरची. पुढं ती मीच वापरली. आपली चादर उलटली तर नक्षी तीच, रंग उलटे, हे तुम्हाला माहीतच आहे. पण मोराची मान दोन्हीकडून वाकडी!

चिठ्ठी आलीये. ‘पाच मिनिटं.’ अध्यक्ष महाराज, दीडशे वर्षं पाच मिनिटांत? बरं, पळतो.

१८७० च्या दशकात गावात पहिली कापड गिरणी उभी राहिली, आपली जुनी मिल. मग आणखी गिरण्या आल्या, गाव भोंग्यावर उठायला लागलं. १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला चौघांना फाशी, ते शाळेत शिकलाय, सोडतो. गिरण्यांच्या जोडीनं घराघरांत हातमाग होते. मग यंत्रमाग आले. माग घरातून शेडमध्ये गेला आणि कांडी भरायला यंत्र आलं. रहाट बसला. रहाटावरच्या बायका कुठं गेल्या? पुष्कळजणी विडीत. तिथं मजुरी हजार विड्यांवर, आणि तपासताना छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेला माल निघाला की त्या विड्या गेल्या. पुढं २००६ मध्ये कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरं झाली, तो प्रचंड लढा आहे, स्वतंत्र व्याख्यान लागेल.

तात्याही शेडमध्ये गेले, अव्वा विडीला लागली. आता ओळखपत्र अव्वाचं. आणि रात्री काय व्हायचं? पाळीवरून आले की तात्या दार लावून घ्यायचे, कडी घालायचे आणि पत्र्याचा फर्मा ठेवून भिजलेली पानं कापत बसायचे. गल्लीत कळलं तर लाज! अव्वा वळायची, ते कापायचे. तिच्या हजारात त्यांची पानं कुठंच लिहिलेली नाहीत. माझी तक्रार मी इथं दुरुस्त करून घेतो. आधी ती वहीत नव्हती, मग ते नव्हते.

अव्वा आधी गेली. तात्या पुढं दीड वर्ष होते. शेडच्या आवाजानं कान गेलेले, आपण ओरडून बोलायचं. घर रिकामं करताना मुलानं मला विचारलं, यातलं काही हवंय का. मी रहाट उचलला. आज आणलाय, खाली जिन्यापाशी ठेवलाय. जाताना बघा, पण फिरवू नका. माळ, म्हणजे चाकाची दोरी तुटलीये, आणि ती वळून देणारं गल्लीत आता कोणी नाही.