शनिवारचे नायक आणि उरलेले सहा दिवस

मित्रहो, समोर बसलेल्यांपैकी कित्येकांची मुलं ओहायो स्टेट, मिशिगन नाहीतर टेक्सासच्या विद्यापीठांत शिकतात. सप्टेंबर उजाडला की शनिवारी तुमच्या घरी दुसरा विषय नसतो. भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी एवढंच सांगते : हा लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा अमेरिकी फुटबॉल आहे, आणि तो खेळणारी मुलं विद्यापीठाचे विद्यार्थी आहेत. मिशिगनच्या मैदानात एक लाख सात हजारांहून जास्त माणसं बसतात, म्हणजे वानखेडेच्या तिपटीहून जास्त. एकोणीस वर्षांच्या मुलाचं नाव इतक्या तोंडांनी एकदम घेतलं जातं, तेव्हा त्याला ‘नाही’ म्हणणारं माणूस आसपास उरत नाही. आजचा विषय या मुलांचं चारित्र्य असा आहे. पण माझा रोख मुलांपेक्षा त्यांचं चारित्र्य मोजणाऱ्या मोठ्या माणसांवर आहे.

या खेळातला सगळ्यात मानाचा करंडक म्हणजे हाइसमन. १९३५ पासून दिला जातो. उत्कृष्ट खेळाबरोबर सचोटी असलेल्या खेळाडूला तो द्यायचा, असं तो देणाऱ्या ट्रस्टचं ध्येयवाक्य सांगतं. अशी माणसं त्याला मिळालीही. तो दोनदा जिंकणारा एकमेव खेळाडू ओहायो स्टेटचा आर्ची ग्रिफिन. १९७४ आणि १९७५ ही त्याची वर्षं. पुढे त्याच विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघटनेचं काम त्याने वर्षानुवर्षं सांभाळलं. बहुतेक मुलं साधी, कष्टाळू असतात, हे मी मनापासून मानते.

आता दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे दोन विजेते घ्या. रेजी बुशला २००५ चा हाइसमन मिळाला. विद्यार्थी असताना त्याच्या कुटुंबाला बाहेरच्या लोकांकडून पैसा आणि राहायला घर मिळालं, असा निष्कर्ष कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये काढला. खेळाडूने असे पैसे घेणं तेव्हा नियमाबाहेर होतं. विद्यापीठावर कडक बंदी आली आणि बुशने करंडक सोडून दिला. तो परत मिळाला थेट २०२४ च्या एप्रिलमध्ये. दुसरे ओ. जे. सिम्पसन, १९६८ चे विजेते. १९८९ मध्ये पत्नीला मारहाण केल्याच्या आरोपाला त्यांनी न्यायालयात आव्हान दिलं नाही. तिच्या खुनाच्या खटल्यातून १९९५ मध्ये ते निर्दोष सुटले, पण १९९७ मध्ये दिवाणी न्यायालयाने त्यांना तिच्या मृत्यूला जबाबदार धरलं. विजेत्यांच्या यादीतलं त्यांचं नाव मात्र कधी हललं नाही. कुणी म्हणेल, सिम्पसन यांचं हे सगळं कॉलेज संपल्यावर कितीतरी वर्षांनी घडलं, त्याचा करंडकाशी काय संबंध? मुद्दा रास्त आहे. म्हणून मी तुम्हाला कॉलेजमधलंच एक प्रकरण सांगते.

नेब्रास्का विद्यापीठ, सप्टेंबर १९९५. लॉरेन्स फिलिप्स हा चेंडू घेऊन धावणाऱ्या देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, लहानपण अनाथ-निराधार मुलांच्या वसतिगृहात गेलेलं. एका रात्री तो इमारतीच्या बाहेरून वर चढला, पूर्वीच्या मैत्रिणीला तिथल्या एका घरातून ओढत बाहेर काढलं आणि जिन्यावरून फरफटत खाली आणलं. प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांनी आधी त्याला संघातून काढल्याचं सांगितलं, मग ती शिक्षा सहा सामन्यांच्या निलंबनावर आली. त्यांचं म्हणणं असं, की या मुलाच्या आयुष्यात फुटबॉल सोडून दुसरी कुठली शिस्तच नाही, तीही काढून घेतली तर तो वाया जाईल. फिलिप्स परतला. जानेवारी १९९६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात नेब्रास्काने फ्लोरिडाला ६२–२४ असं हरवलं, त्यात तो १६५ यार्ड धावला.

ऑस्बर्न खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. सज्जन म्हणून त्यांची ख्याती होती, आणि त्या मुलाला आधार हवा होता हे अगदी खरं. पण तो आधार जर्सीलाच का बांधायचा? शिष्यवृत्ती चालू ठेवा, समुपदेशक द्या, राहायची सोय करा, फक्त मैदानावर उतरवू नका. हे करता आलं असतं. आणि ती मुलगी? तीही त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी होती. तिच्या दिनक्रमाचं, तिच्या झोपेचं काय झालं असेल? तो परत आला तेव्हा तिने त्याच आवारातून वर्गावर जायचं होतं. त्या हिवाळ्यातल्या चर्चेत तिची काळजी वाहणारा आवाज मला फारसा सापडत नाही. फिलिप्सलाही फुटबॉलने वाचवलं नाही. व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच फेरीत घेतला आणि दुसऱ्या वर्षी सोडला. पुढे हिंसेचे आणखी गुन्हे, तीस वर्षांहून मोठी कैद, आणि जानेवारी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात मृत्यू.

ब्रेंडा ट्रेसी यांचं नाव काहींनी ऐकलं असेल. १९९८ मध्ये आपल्यावर सामूहिक बलात्कार झाला, आणि आरोपींपैकी दोघे ओरेगन स्टेटच्या संघातले होते, हे त्या स्वतः जाहीरपणे सांगतात. खटला उभा राहिला नाही. प्रशिक्षक माइक रायली यांनी त्या दोघांना एका सामन्यासाठी निलंबित केलं. एका सामन्यासाठी! मुलं चांगली आहेत, त्यांच्याकडून चुकीची निवड झाली, असं तेव्हा त्यांचं म्हणणं होतं. २०१६ मध्ये हेच रायली नेब्रास्काचे प्रशिक्षक होते. त्यांनी ट्रेसींना आपल्या संघाशी बोलायला बोलावलं, आणि त्या गेल्या. ज्या निर्णयाचा राग त्यांनी वर्षानुवर्षं मनात वागवला, तो घेणाऱ्या माणसाच्या देखत त्या बोलल्या. रायलींनी बोलावलं याचं श्रेय मी त्यांना देते. पण वेळेवर न्याय मिळाला असता, तर ही हिंमत करायची पाळीच त्यांच्यावर आली नसती.

१ जुलै २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. २०२५ च्या न्यायालयीन समझोत्यानंतर तर विद्यापीठंही थेट मोबदला देतात. म्हणजे रेजी बुशला ज्या कारणासाठी शिक्षा झाली, ते कारण बरंचसं गळून पडलं. बरं झालं, असं मी म्हणते, या मुलांच्या घामावर इतरांनी भरपूर कमावलं होतं. पण मग नियमपुस्तकात इतकी वर्षं पैशाला दिलेली जागा आता दुसऱ्याला इजा करण्याच्या प्रश्नाला मिळायला हवी. इंडियाना विद्यापीठाने २०१७ मध्ये तसा नियम केला : लैंगिक किंवा कौटुंबिक हिंसेत दोषी ठरलेल्या खेळाडूला, तो कितीही गुणी असो, संघात प्रवेश नाही.

पुढच्या वर्षी तुम्ही मुलामुलींना घेऊन कॅम्पस बघायला जाल. मैदान जरूर बघा, जर्सीही विकत घ्या. पण माहिती द्यायला जे कुणी येतील त्यांना विचारा, की खेळाडूविरुद्ध तक्रार आली तर त्याने खेळायचं की नाही हे कोण ठरवतं, आणि ते ठरवलं जात असताना प्रशिक्षक त्या खोलीत असतो की बाहेर.