सहावं शहर पडू द्यायचं नाही : ‘पॅसिफिक १९४०’ मधला मित्रराष्ट्रांचा डाव

मित्रहो,

‘अ‍ॅक्सिस अँड अलाईज : पॅसिफिक १९४०’ हा लॅरी हॅरिस यांचा दुसऱ्या महायुद्धावरचा, पटावर खेळायचा खेळ २००९ मध्ये आला आणि २०१२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. आज या दुसऱ्या आवृत्तीबद्दल बोलू, आणि तेही फक्त जपानच्या समोर बसणाऱ्यांच्या बाजूने. अमेरिका, चीन, ब्रिटन आणि अँझॅक, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड. हा डाव मित्रराष्ट्रं जिंकू शकतात, आणि तरी पुन्हा पुन्हा हरतात. त्याचं कारण मला फाशांत कधी सापडलं नाही. ते सापडतं चार खेळाडूंच्या चार वेगवेगळ्या घाईत.

आधी हिशेब मांडू. पटावर आठ विजयनगरं आहेत : टोकियो, शांघाय, हाँगकाँग, मनिला, कलकत्ता, सिडनी, होनोलुलू आणि सॅन फ्रान्सिस्को. डाव जिंकायला जपानला यांतली सहा हवीत. टोकियो आणि शांघाय सुरुवातीपासूनच त्याच्याकडे असतात. हाँगकाँग आणि मनिला तो मनात आणेल तेव्हा घेतो. ती वाचवायला एक सैनिकही वाया घालवू नका. झाली चार. पाचवं कलकत्ता. सहावं होनोलुलू किंवा सिडनी, त्याला जे सोपं जाईल ते. म्हणजे आपल्याला खऱ्या अर्थाने राखायची आहेत ती तीनच शहरं, आणि त्यांतलं कलकत्ता गेलं की उरलेल्या दोन्हींवर एकाच वेळी टांगती तलवार येते.

आणखी एक नियम नीट लक्षात ठेवा. सहा शहरं फेरी संपताना जपानच्या हाती असावी लागतात. फेरीची सुरुवात जपानपासून होते आणि शेवट अँझॅकपाशी. त्याने सहावं शहर घेतल्यावरही अमेरिका, चीन, ब्रिटन, अँझॅक या सगळ्यांची पाळी बाकी असते, आणि सहापैकी कुठलंही एक परत मिळवलं तरी पुरतं. मनिलात एकच पायदळ ठेवून जपान पुढे गेला असेल, तर तिथवर पोहोचेल अशी एक भरलेली वाहतूक नौका सगळा डाव वाचवते. अशी नौका कायम हाताशी असू द्या.

आता हिंदुस्थान. ब्रिटनच्या खेळाडूला पहिल्याच फेरीत दोन मोह होतात. एक, आपणच जपानविरुद्ध युद्ध पुकारावं. हे करू नका. ब्रिटन किंवा अँझॅकने आपणहून युद्ध पुकारलं तर जपानला त्यांच्यावर तुटून पडायला मोकळीक मिळते आणि अमेरिका मात्र बाहेरच बसून राहते. जपानने आगळीक केली नाही, तर अमेरिकेला तिसऱ्या पाळीच्या अखेरीपर्यंत थांबावंच लागतं. दुसरा मोह डच ईस्ट इंडीजचा. ही बेटं ब्रिटनला न लढता ताब्यात घेता येतात. तिथे एक नौका पाठवा, एक बेट घ्या, माझी हरकत नाही. पण कलकत्त्याचं सैन्य उपसून जावा-सुमात्रात पेरलंत तर चौथ्या फेरीपर्यंत दोन्ही जातील.

कलकत्त्यात विकत घ्यायचं ते पायदळ. तीन आयपीसीला (हा खेळातला पैसा) एक, हल्ल्यात एकवर मारणारं, बचावात दोनवर, म्हणजे फाशावर तेवढा किंवा कमी आकडा पडला की घाव बसतो. इतक्या स्वस्तात यापेक्षा चिवट काही मिळत नाही. जमेल तेव्हा एखादं लढाऊ विमान, कारण ते बचावात चारवर मारतं. कलकत्ता पडलं की नुसतं शहर जात नाही, ब्रिटनच्या खजिन्यातला पैसाही जपानकडे जातो. चीनला राजधानीच नाही, त्यामुळे त्याचा खजिना असा लुटता येत नाही. म्हणून चीनच्या खेळाडूने मागे सरत, सैन्य एकत्र ठेवत, युन्नानवर नजर लावून खेळावं. हिंदुस्थान, बर्मा, युन्नान आणि सेचुआन मित्रराष्ट्रांकडे असतील तर चीनला रसद पोहोचवणारा बर्मा रोड खुला राहतो. चीनला सहा आयपीसी जादा मिळतात आणि तोफखानाही घेता येतो. बर्मात ब्रिटनने ठेवलेल्या दोन तुकड्या अशा रीतीने चीनच्या तोफा होतात, आणि युन्नानमध्ये अडकलेला जपान तितका उशिरा कलकत्त्याला पोहोचतो.

प्रत्यक्ष युद्धात जपानने हिंदुस्थानच्या सीमेवर मोठी चढाई केली ती थेट १९४४ मध्ये, इंफाळ-कोहिमावर. त्या मार्चमध्ये मणिपुरातल्या संगशकला ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन लढली. ठाणं शेवटी सोडावं लागलं, पण जपानी फौज तिथे मोलाचे दिवस अडकून पडली. पटावर तीन आयपीसीची ती सोंगटी ठेवताना मला त्या माणसांची आठवण होते, आणि ती सोंगटी उगाच खर्चायला हात धजत नाही.

अमेरिकेकडे येऊ. युद्धात उतरल्यावर तिचं उत्पन्न एकदम उसळतं, आणि नेमकं तेव्हाच तिचा खेळाडू बिघडतो. अर्धं आरमार जपानच्या दिशेने, अर्धं ऑस्ट्रेलियाकडे. इतिहासातही मार्च १९४२ मध्ये पॅसिफिकची वाटणी झाली. नैऋत्य भाग जनरल मॅकआर्थरकडे, उरलेला बहुतेक अ‍ॅडमिरल निमित्झकडे. पण तेव्हा अमेरिकेच्या गोद्या जे उत्पादन करत होत्या, त्याच्या जोरावर दोन वाटांनी जाणं परवडलं. पटावर निदान सहाव्या फेरीपर्यंत ते परवडत नाही. आरमार एकच ठेवा. हवाईच्या नाविक तळामुळे तीन घरं चाल मिळते आणि ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड एका पाळीत गाठता येतं. हवाईत उभं असलेलं भक्कम आरमार होनोलुलूही राखतं आणि सिडनीही.

त्याच्या पुढे काय ठेवायचं? एक डिस्ट्रॉयर, म्हणजे छोटी युद्धनौका. पृष्ठभागावरची शत्रूची एकही युद्धनौका वाटेत असली की आरमाराला त्या घरात थांबून लढावंच लागतं. पाणबुड्या आणि वाहतूक नौका असं अडवू शकत नाहीत. आठ आयपीसीची डिस्ट्रॉयर जाते, पण जपानचं सगळं आरमार तुमच्या कॅरियरपासून (विमानवाहू नौकेपासून) एक घर दूर थांबतं, आणि पुढची पाळी तुमची असते.

अँझॅकचं महत्त्व इथे कळतं. जपानच्या पाळीच्या लगेच आधी खेळतो तो अँझॅक. क्वीन्सलँडपाशी अमेरिकी कॅरियर रिकाम्या डेकने उभी असेल, तर अँझॅकची दोन विमानं तिच्यावर उतरवा. जपानने मनात केलेला हिशेब त्याची पाळी येण्याआधीच चुकतो. अमेरिकेची स्वतःची विमानं क्वीन्सलँडच्या विमानतळावर ठेवली, तर त्यांतली तीन वर झेप घेऊन याच लढाईत उतरू शकतात. यासाठी आधीच्या पाळीत दोन खेळाडूंनी एकमेकांशी बोललेलं असावं लागतं, आणि बहुतेक टेबलांवर तेवढंच राहून जातं.

मग चढाई कुठे करायची? पैशावर. सुमात्रा, जावा आणि बोर्निओ प्रत्येकी चार, सेलेबीस तीन, आणि चारही हाती असले तर पाच जादा. वीस आयपीसी. जपानचं सुरुवातीचं उत्पन्नच सव्वीस आहे. १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने तेल तोडल्यावर जपानची नजर याच बेटांवरच्या पालेमबांग आणि बालिकपापन या तेलकेंद्रांकडे वळली ती उगाच नाही. या चारांपैकी एक बेट जरी परत घेतलंत तरी बोनस बुडतो, आणि ते पुन्हा घ्यायला जपानला नौका आणि सैन्य दक्षिणेला पाठवावं लागतं.

याच्या जोडीला पाणबुड्या. सहा आयपीसीची एक पाणबुडी जपानच्या किनाऱ्याजवळच्या काफिल्याच्या घरात टिकली, तर त्याच्या उत्पन्नाच्या वेळी दोन फासे टाकते आणि तीनपर्यंतचे आकडे त्याच्या पैशातून वजा होतात. तिला मारायला तो डिस्ट्रॉयर घेईल, आठ आयपीसीची. घेऊ द्या. त्या पैशात कलकत्त्यावर जाणारी वाहतूक नौका आली असती. प्रत्यक्ष युद्धातही जपानच्या व्यापारी जहाजांपैकी निम्म्याहून अधिक अमेरिकी पाणबुड्यांनी बुडवली, आणि तीही त्यांचे टॉर्पेडो १९४३ पर्यंत सदोष असताना.

कॅरोलाइन बेटांबद्दल दोन शब्द. त्यांचं उत्पन्न शून्य, पण तिथे नाविक तळ आणि विमानतळ आहे. इतिहासात फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकेने तिथल्या ट्रुक या जपानी तळावर विमानांनी जबर मारा केला आणि मग ते न घेताच पुढे गेली. पटावर मी ते घेतो. तिथून फिलिपिन्स आणि खुद्द जपान दोन्ही टप्प्यात येतात, आणि आपण कुठे जाणार हे जपानला शेवटपर्यंत कळत नाही.

टोकियोची वाट मला कोरियातून जास्त आवडते. बेटांवर कारखाना उभारता येत नाही, कोरियात येतो. बारा आयपीसीचा छोटा कारखाना, दर पाळीला तीन नग. पण उतरण्याआधी जपानच्या सहा कामिकाझे (आत्मघातकी विमानहल्ल्यांच्या) खुणा मोजा. त्या कुठल्या नौकेवर पडणार हे जपान ठरवतो, आणि दोनपर्यंत फासा पडला की घाव बसतो. म्हणून त्या समुद्रात फक्त दोन कॅरियर घेऊन जाऊ नका. सोबत डिस्ट्रॉयर आणि क्रूझर भरपूर न्या, आणि अँझॅकला आधीच्याच पाळीत सांगून ठेवा की तुमची विमानं कुठे लागणार आहेत.