घराण्याची चाल

(नौपाड्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पोडियम आणि खुर्ची दोन्ही मीच मागितलं. पोडियम धरायला, खुर्ची पाय दमले की बसायला.

माझे बाबा वागळे इस्टेटमध्ये लेथवर होते. चालताना गुडघा उंच उचलून पाऊल आपटायचे. आजोबाही तसेच. कोणी विचारलंच तर बाबा हसून म्हणत, ‘ही आमच्या घराण्याची चाल.’ पुढे बारीक नट बोटांतून सुटायला लागले, तेव्हा सुपरवायझरला सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

त्या चालीचं नाव मला चौतिसाव्या वर्षी कळलं. शार्को-मारी-टूथ. 1886 साली फ्रान्समध्ये शार्को आणि मारी यांनी, तर इंग्लंडमध्ये टूथ यांनी या आजाराचं वर्णन केलं. नाव ऐकून आत्यानं दातांचा डॉक्टर सुचवला होता! अडीच हजारांत साधारण एकाला हा असतो. म्हणजे सकाळच्या खच्चून भरलेल्या लोकलमध्ये आमच्यातला एखादा असणारच.

माझ्या प्रकारात सतराव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा दुबार असतो, त्यामुळे नसांच्या वेष्टनाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकाची एक प्रत जास्त होते. वायर शाबूत, पण वरचं आवरण बिघडलेलं, असं समजा. हातातली निरोगी नस सेकंदाला 50 मीटर किंवा त्याहून जास्त वेगानं निरोप नेते. माझा आकडा 21 आला. सगळ्यात लांब नसा कमरेपासून पावलांपर्यंतच्या, म्हणून सुरुवात पायांपासून. मग हात. बरं करणारं औषध नाही. मात्र आजार माहीत असलेला बरा, कारण कॅन्सरवरचं व्हिंक्रिस्टिन आम्हाला चालत नाही.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय? स्लिपर पायातून निसटते आणि मला कळत नाही. चार पावलांनी मागून हाक येते, ‘अहो, चप्पल!’ पाऊल कुठे पडलंय हे मला डोळ्यांनीच कळतं. म्हणून तोंडाला साबण लावताना एक हात नळावर. आरतीत सगळे डोळे मिटतात, मी टक्क उघडे ठेवते. मिटले तर शेजारणीच्या अंगावर. सासूबाईंना बरीच वर्षं वाटायचं, सुनेला देवाचं काही नाही.

पाऊल लोंबू नये म्हणून मी प्लास्टिकची पट्टी लावते, पोटरीपासून तळव्याखालपर्यंत. ती बुटातच बसते, आणि आपल्याकडे बूट उंबऱ्याबाहेर! गणपतीत पाच घरी जायचं तर पाच वेळा स्टूल शोधा, वेलक्रो सोडा, भिंत धरा. शेवटी मी जाणंच कमी केलं. कोपरीतल्या एका आजींच्या हे लक्षात आलं. पुढच्या वर्षी त्यांनी उंबऱ्यापासून मखरापर्यंत जुनी चादर अंथरली. म्हणाल्या, ‘बुटासकट ये गं.’

ऑफिस ऐरोलीला. पूर्वी ठाण्यानंतर थेट ऐरोली. 2024 पासून मध्ये दिघा गाव आलं, म्हणजे उभ्यानं एक धक्का जास्त. नोकरीत दहा वर्षं मी बाबांचीच री ओढली. दुपारी तीननंतर बोटं कीबोर्डवर ऐकेनाशी होत, तर मी डोकं दुखतंय म्हणायची. अप्रेझलमध्ये शेरा आला, ‘उत्साह कमी.’ सलवारीखाली पट्टी लपवून दिव्यांगांच्या डब्यात चढले की लोक उतरायला सांगत. एका सकाळी वैतागून पट्टी लेगिंगच्या वरून बांधली. वादच संपले. त्या आठवड्यात साहेबांनाही सांगितलं. लिफ्टजवळची जागा मिळाली, बोलून टाइप करायची सोय झाली. साहेब म्हणाले, ‘आधी सांगायचं ना.’ मी म्हटलं, ‘तुम्ही विचारलं असतं तर चष्म्याचा नंबर सांगितला असता.’ त्यांना अर्थातच काही कळलं नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मज्जासंस्थेचे जुनाट आजारही आहेत. लाभांसाठी किमान 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. उभं राहवत नाही हे सिद्ध करायला मी तीन तास रांगेत उभी होते. असो.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याच्यात हे उतरण्याची शक्यता निम्मी. लक्षण नसताना लहान मुलाची जनुकीय तपासणी सहसा करत नाहीत. मोठा झाला की त्याचं तो ठरवेल. तोवर तो अंघोळ करून धावत बाहेर आला की मी लादीवरचे ओले ठसे बघते. बाबांच्या ठशात फक्त टाच आणि चवडा उमटायचा, मध्ये कोरडं. याचा अजून तरी पूर्ण उमटतो. मग मी फडकं घेऊन पुसून टाकते, नाहीतर घसरून पडणारी पहिली मीच.

आता बसते. प्रश्न बसूनच घेईन.